मोडलेल्या खुर्च्या आणि माकडाचे आवाज

सोमवारी ऑफिसात फुटबॉलचा विषय निघाला की संवाद साधारण ठरलेला असतो. रात्री जागून प्रीमियर लीग पाहिलेले दोघं-तिघं असतात, कुणीतरी फँटसी लीगचे पॉइंट मोजत असतं, आणि फिरत फिरत गाडी तिकडच्या प्रेक्षकांवर येते. ११ जुलै २०२१ ला युरो कपची फायनल इंग्लंड पेनल्टीवर हरलं आणि रॅशफर्ड, सँचो, साका या तिघांच्या अकाउंटवर लोकांनी माकडांचे इमोजी ओतले. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर व्हिनिसियसला इतकं काही ऐकवलं की त्यानं स्टँडमधल्या माणसाकडे बोट दाखवून रेफ्रीला सांगितलं, हा बघा. हे सगळं बोलून झालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय यार हे गोरे लोक! आपल्याकडे असलं काही नसतं. आपले लोक फार तर बाटल्या फेकतील."

मला या शेवटच्या वाक्याबद्दलच लिहायचंय. त्यातला बाटल्यांचा भाग खरा आहे. पण "असलं काही नसतं" हा भाग साफ खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचा फोटो उपलब्ध आहे. मैदान मुंबईचं, वानखेडे. तारीख १७ ऑक्टोबर २००७.

ज्यांना आठवत नाही (किंवा जे तेव्हा तिसरीत होते) त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियाचा संघ सात वनडे खेळायला भारतात आला होता. त्याच्या जरा आधी आपण दक्षिण आफ्रिकेत पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो होतो, त्यामुळे सगळा देश हवेत होता. ऑस्ट्रेलियाच्या संघात अँड्र्यू सायमंड्स होता. जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, रक्तानं अर्धा कॅरिबियन, गोऱ्या आईवडिलांनी दत्तक घेतलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला. केसांच्या बटा, ओठांना पांढरा लेप, अंगानं रेडा. ११ ऑक्टोबरला बडोद्याच्या मॅचमध्ये तो सीमारेषेजवळ फिल्डिंगला उभा असताना स्टँडमधून माकडाचे आवाज आले. एकदोघांचे नव्हे, लाटेसारखे. तीन दिवसांनी नागपूरला या पठ्ठ्यानं नाबाद १०७ ठोकले. मग मुंबई. मुंबईत तो बॅटिंगला आला तेव्हा पुन्हा तेच, आणि यावेळी एका परदेशी फोटोग्राफरनं कॅमेरा खेळपट्टीकडून स्टँडकडे वळवला. भारताचे टी-शर्ट घातलेले, बगलेत हात घालून माकडासारखं खाजवणारे, गाल फुगवलेले, मनापासून हसणारे तरुण त्या फोटोत आले. चौघांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. ती मॅच आपण मुरली कार्तिकच्या सहा विकेटच्या जोरावर दोन गडी राखून जिंकलो, मालिका ४-२ अशी हरलो, आणि मालिकावीर ठरला सायमंड्सच.

आता तो फोटो नेटवर शोधून नीट बघा. मला त्यात काय दिसतं सांगतो. ही मंडळी दंगलखोर नाहीत. दारू पिऊन खुर्च्या तोडणारे टगे नाहीत. तिकीट काढून आलेली, बऱ्या घरातली वाटणारी पोरं आहेत. तुमच्या-माझ्यासारखीच म्हणा ना, उद्या ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतील अशी. त्या दिवशी वानखेडेची एक खुर्चीसुद्धा मोडली नसणार. सुव्यवस्थेच्या भाषेत सांगायचं तर सामना शांततेत पार पडला.

बडोद्याच्या प्रकरणावर सुरुवातीला जी उत्तरं आली ती वाचून मला आमच्या धंद्यातला एक प्रकार आठवतो. टेस्टर बग टाकतो, डेव्हलपर उघडूनही न बघता तिकीट बंद करतो आणि शेरा मारतो: युजरचा गैरसमज. इथे अक्षरशः तेच झालं. असं काही घडलंच नाही, हे पहिलं उत्तर. घडलं असेल तर तो वंशद्वेष नव्हता, गंमत होती, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे कळस, की आपल्याकडे माकड म्हणजे हनुमान, आपण तर त्याची पूजा करतो! गाल फुगवून बगल खाजवण्याची ही पूजा कुठल्या देवळात चालते हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आणखी एक युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो: सायमंड्सनंच आधी आगाऊपणा केला. आपल्या विश्वचषकाच्या जल्लोषाबद्दल तो काहीतरी बोलला होता, लोक चिडले होते. बरं, चिडले. पण आगाऊपणाचीच शिक्षा द्यायची होती तर पाँटिंग होता, हेडन होता. तोंडाळपणात सायमंड्सला पाणी पाजतील असे पाच जण त्या संघात होते. त्यांची हुर्यो उडवली गेली, ती उडवावीही, हुर्यो हा प्रेक्षकाचा हक्क आहे. याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद झालेल्या सचिनची हुर्यो उडाली होती, सचिनची! २०२४ मध्ये हार्दिक पंड्याला असं छळलं की शेवटी रोहितनं हातवारे करून लोकांना गप्प केलं. मुंबईकर प्रेक्षक कुणाचीच भीड ठेवत नाही. पण माकड झाला तो एकटा सायमंड्स. पाँटिंगला कुणी माकड म्हटलं नाही. राग सगळ्या संघावर होता असं मानलं तरी तो राग एका माणसाच्या बाबतीत वेगळं रूप घेतो आणि ते रूप त्याच्या कातडीवर ठरतं. याला गंमत म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग व्हॅलेन्सियाच्या लोकांनाही तेवढीच सवलत द्या. तेही तेच म्हणतात, की व्हिनिसियस फार नाचतो, फार डिवचतो.

आता जरा घरचं. मी बारामतीचा, त्यामुळे या गोष्टीतला एक धागा मला जास्त टोचतो. २००५ ते २००८ भारतीय क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते शरद पवार, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षही तेव्हा तेच. म्हणजे वानखेडेच्या त्या सामन्याचे यजमान सर्वार्थानं आमच्या तालुक्याचे. मला इथे साहेबांवर खटला चालवायचा नाहीये, स्टँडमधला प्रत्येक प्रेक्षक काय अध्यक्ष सांभाळत नसतो. मला आठवतो तो त्याच्या वर्षभर आधीचा प्रसंग. ५ नोव्हेंबर २००६, ब्रेबॉर्न स्टेडियम, चॅम्पियन्स ट्रॉफीचा बक्षीस समारंभ. पवारांच्या हातून ट्रॉफी घेताना पाँटिंगनं त्यांच्या खांद्यावर टिचकी मारल्यासारखं केलं, आणि डेमियन मार्टिननं फोटोसाठी त्यांना पाठीला हात लावून मंचावरून बाजूला सारलं. टीव्हीवर ते दिवसभर फिरवून फिरवून दाखवत होते. आमच्याकडे टपरीवर, एसटी स्टँडवर, कारखान्यावर, कुठेही जा, दुसरा विषय नाही. माणसं खरोखर दुखावली होती. "वयाचा तरी मान ठेवायचा," असं आजीसुद्धा म्हणाली, जिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढे पाँटिंगनं माफी मागितली, पवारांनीही मोठेपणानं विषय मिटवला.

मला ते दुखावलेपण खोटं वाटत नाही. पाठीवर पडलेला तो हात फार जोराचा नव्हता, पण त्यात "सर बाजूला" असा भाव होता आणि तो पंचवीस हजार लोकांचा आवाज नसतानाही अख्ख्या महाराष्ट्राला ऐकू आला. म्हणजे अपमान ओळखण्याचं यंत्र आपल्याकडे आहे आणि ते चांगलं बारीक चालतं. मग अकरा महिन्यांनी, त्या मैदानापासून चालत काही मिनिटांवर, एका माणसाला हजारोंच्या साक्षीनं माकड केलं जातं तेव्हा तेच यंत्र बंद कसं पडतं? टपरीवर त्याची चर्चा झाली का? झाली. "लई चिडला गडी," एवढीच.

मग जानेवारी २००८, सिडनी. हरभजननं सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप, सामनाधिकारी प्रॉक्टरनं तीन कसोटींची बंदी घातली, अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही म्हणून ती उठवली, आणि शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं. त्या खोलात मी जात नाही, त्यावर पुस्तकं झाली आहेत. पण तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर उतरलेल्या लोकांचं एक म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं होतं: आम्ही स्वतः गोऱ्यांचा वंशद्वेष सोसलाय, आम्ही कसे वंशद्वेषी असू? हे लॉजिक ज्यानं काढलं त्यानं सासू-सुनेची एकही मालिका पाहिली नसावी.

आता "फार तर बाटल्या फेकतील" या भागाकडे येऊ, कारण तोही वाटतो तितका सोपा नाही. मुंबईत प्रेक्षकांनी खरोखरचा धुडगूस घातल्याच्या दोन गोष्टी जुने लोक सांगतात. पहिली नोव्हेंबर १९६९ ची, ब्रेबॉर्नवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं, रेडिओवर समालोचकानं तो बाद नव्हता असं सुचवलं, स्टँडमध्ये घरोघरचे ट्रान्झिस्टर होतेच. मग खुर्च्या फुटल्या, आगी लागल्या, धुरात खेळ चालला. दुसरी गोष्ट जानेवारी १९७५ ची, आणि ती माझी आवडती. वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडनं द्विशतक पूर्ण केलं (पुढे नाबाद २४२), आणि एक तरुण कुंपण ओलांडून त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला धरून बदडलं. ते बघून स्टँड पेटला. जाळपोळ झाली, त्या दिवशीचा खेळ आटोपता घ्यावा लागला.

म्हणजे बघा हं. १९७५ मध्ये मुंबईच्या प्रेक्षकांनी स्टेडियमची नासधूस केली, कारण एका काळ्या कप्तानाला शाबासकी द्यायला गेलेल्या पोराला मारलं. २००७ मध्ये त्याच मैदानात नासधूस अजिबात झाली नाही आणि एका काळ्या खेळाडूला माकड केलं. पोलिसांच्या वहीत पहिला दिवस काळा आणि दुसरा पांढरा. मी जाळपोळीचं समर्थन करत नाहीये (आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाद तिथेच सुरू होईल). हुल्लड हुल्लडच असते, माणसं चेंगरतात, हात-पाय मोडतात, घाबरून पुढच्या वेळी बायका-पोरं येत नाहीत. पण हुल्लड आणि वंशद्वेष ही दोन वेगळी दुखणी आहेत. ती कधी एकत्र येतात, कधी नाही. आपण दोघांना एकच औषध देतो: जास्त पोलीस, जाळी, पाण्याच्या बाटल्यांना बंदी. बाटली गेटवर काढून घेता येते. बगलेत घालायचे हात प्रेक्षक सोबतच घेऊन येतो.

आणि मोजमापाचा प्रश्न आहेच. जी गोष्ट लॉग होत नाही ती सिस्टीमच्या दृष्टीनं घडतच नाही, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. मोडलेल्या खुर्चीचं बिल येतं, त्यामुळे तिची नोंद होते. माकडाच्या आवाजाचं बिल फक्त एका माणसाकडे जातं, आणि तो पुढच्या विमानानं आपल्या देशात निघून जातो.

महाराष्ट्रात फुटबॉलचं खरंखुरं वेड बघायचं तर कोल्हापूरला जावं लागतं. पुण्यात आयएसएलचा संघ होता, बालेवाडीला केशरी टी-शर्ट घालून गेलेल्यांपैकी मी एक. २०१९ मध्ये तो संघच गुंडाळला आणि आम्ही सगळे गुपचूप पुन्हा टीव्हीसमोर लिव्हरपूल-मँचेस्टर करत बसलो. कोल्हापुरात असं होत नाही. तिथे संघ म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या तालमी भिडल्या की दुपारीच अर्धं गाव तिकडे. आजोबा ज्या तालमीचे, नातू त्याच तालमीचा. हे टीव्हीवरून निवडलेलं प्रेम नाही. आणि म्हणूनच भांडणंही खरी होतात. "हुल्लडबाजी" हा शब्द कोल्हापूरच्या क्रीडापानावर इतक्या वेळा छापून आलाय की त्याची ठोकळाअक्षरं तयार ठेवत असावेत. समर्थकांत मारामाऱ्या, बाहेर दगडफेक, मधेच थांबवलेले सामने, मग असोसिएशनची बैठक, मग ताकीद, मग पुन्हा हंगाम.

गेल्या काही वर्षांत या संघांतून नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडूही खेळले. गोल केला की हा पाहुणा पेठेचा जावई असल्यासारखा खांद्यावर मिरवला जातो, हे कोल्हापूरकरांचं मोठं मन. पण समोरच्या पेठेच्या स्टँडसमोर थ्रो-इन घ्यायला उभं राहिल्यावर त्याला काय ऐकावं लागतं? दगड किती पडले ते बातमीत येतं. हे सहसा येत नाही.

केरळात ते आलं, कारण तिथे दोन्ही दुखणी एकदम उसळली. मार्च २०२४, मलप्पुरम जिल्हा, अरीकोडजवळचा सेव्हन्सचा सामना. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचा फुटबॉल, कापणी झालेल्या शेतात, बांबूच्या गॅलऱ्या, हजारोंची गर्दी, आणि आफ्रिकेतून पैसे देऊन आणलेले खेळाडू. आयव्हरी कोस्टच्या हसन ज्युनियरला प्रेक्षकांनी मैदानभर पळवून पळवून मारलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार दिली, की आधी रंगावरून शिव्या दिल्या, दगड मारले, मग मारहाण. उलट बाजूनं सांगण्यात आलं, की त्यानंच आधी प्रेक्षकाला लाथ मारली. मारहाणीचा व्हिडिओ नसता तर त्या शिव्यांची तक्रार घेऊन तो एकटा कुठे पोचला असता?

हेच जेव्हा आपल्या पोराच्या बाबतीत होतं तेव्हा चित्र किती स्वच्छ दिसतं! जानेवारी २०२१, सिडनीची कसोटी. सिराज सीमारेषेवरून सरळ चालत पंचांकडे आला, रहाणे सोबत उभा राहिला, खेळ काही मिनिटं थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की शिवीगाळ झाली हे खरं, पण ते सहा जण ती करणारे नव्हते. म्हणजे तपास फसलाच. तरीही एक गोष्ट महत्त्वाची: बोर्डानं "झालं" असं म्हटलं. गुन्हेगार सापडला नाही म्हणून गुन्हाच घडला नाही असं म्हटलं नाही. स्पेननं तर जून २०२४ मध्ये व्हिनिसियसला शिव्या देणाऱ्या तिघांना आठ महिन्यांची शिक्षा सुनावली, तिथली अशी पहिलीच. त्याआधी वर्षानुवर्षं तिथेही "असलं काही नाही"च चाललं होतं.

आपल्याकडे कायदा काय आहे? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून चिडवण्यातून झालेल्या मारहाणीनंतर तो मरण पावला, तेव्हा बेझबरुआ समिती नेमली होती. वंशावरून अपमान करण्याविरुद्ध दंडसंहितेत दोन नवी कलमं घाला, असं तिनं सुचवलं. पुढे २०२३ मध्ये दंडसंहिताच बदलून न्याय संहिता आली, पण ती कलमं काही त्या रूपात आली नाहीत. कायद्यानं माणसं सुधारत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धा बघायला बोलावीन.

बारामती-इंदापूर पट्ट्यात उन्हाळा लागला की गावोगाव चषक सुरू होतात. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या वाढदिवसानिमित्त. पहिलं बक्षीस रोख, मालिकावीराला सायकल नाहीतर गाडी, कुठे कुठे बोकड. रात्री हॅलोजन, यूट्यूबवर लाइव्ह, कर्ण्यावर समालोचक. हा समालोचक म्हणजे खरा राजा. बॅट्समनच्या चुलत्याच्या उसाच्या टनेजपासून ते अंपायरच्या लग्नापर्यंत सगळं त्याला ठाऊक. या माईकवरून मी आजवर जातीवरून दिलेली शिवी ऐकलेली नाही. मैदानामागच्या अंधारात ऐकलेली आहे, माईकवर नाही. का? मंडळी एकदम साने गुरुजींची झाली म्हणून नव्हे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि चारचौघांत बोललं तर काय होतं हेही. तोंडाला लगाम लागला आहे. मनाचं मनाला माहीत.

रंगाला मात्र लगाम नाही. सावळा फास्ट बॉलर आला की माईकवर "आला आला, आमचा ॲम्ब्रोज!" हे झालं कौतुक. त्यानंच दोन वाइड टाकले की "काळ्याला लाईट लावा रे, दिसत नाय!" आणि सगळा मांडव हसतो. तोही हसतो. न हसून सांगतो कुणाला? आता तर संघ बाहेरगावचे प्लेअर पैसे देऊन आणतात, एमआयडीसीत कामाला आलेली बिहार-ओडिशाची पोरं खेळतात, पुण्यात शिकणारी ईशान्येकडची पोरंही एखाद्या संघातून येतात. त्या पोरांच्या डोळ्यांवरून माईकवर काय काय येतं ते मी इथे लिहीत नाही. २०२० मध्ये डॅरेन सॅमीनं सांगितलं होतं, की हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला "कालू" म्हणायचे, आणि बरीच वर्षं त्याचा समज होता की त्याचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी आहे. सगळे हसायचे, तोही हसायचा. सॅमीचं हसणं आणि आमच्या ॲम्ब्रोजचं हसणं यात मला काही फरक दिसत नाही.

आणि हे चालतं कुठे? इंदापूर म्हणजे मालोजीराजांचं गाव. मालोजीराजे तिथेच लढताना पडले असं सांगतात, त्यांच्या गढीबद्दल इंदापूरकरांना सार्थ अभिमान आहे. ते ज्या निजामशाहीचे सरदार होते ती पुढे पंचवीस वर्षं मोगलांसमोर उभी ठेवली ती मलिक अंबरानं. तो हबशी, म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, काळाकुट्ट माणूस. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. या मुलखातल्या जमीन महसुलाची घडी बसवणारा म्हणूनही त्याचं नाव घेतात. जहांगीरनं आपल्या लिखाणात या माणसाला रंगावरून मनसोक्त शिव्या घातल्या, कारण लढाईत तो हाती लागत नव्हता. म्हणजे हुर्योचा हा प्रकार किमान चारशे वर्षं जुना आहे, आणि तेव्हा आमचे लोक शिव्या खाणाऱ्याच्या बाजूला उभे होते.

तरी आमच्याच मातीत दुसरी रीतही आहे. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानात इराणचा मल्ल उतरतो तेव्हा बघा. हलगी वाजते, लोक त्याच्या दंडाकडे बघून कौतुकानं बोलतात, आपला गडी हरला तरी धोतरवाला म्हातारा उठून पाहुण्याच्या हातात नोट ठेवतो. तिथे जुने जाणते लोक पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि कुणी वाह्यात बोललं तर मागे वळून बघतात. बहुतेक वेळा एवढं वळून बघणं पुरतं. क्रिकेटच्या मांडवात पुढच्या रांगेत आयोजक बसतात, आणि ते मोबाईलमध्ये लाइव्हचे व्ह्यूज बघत असतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला. अजून मोठे सामने यावेत ही सगळ्यांचीच इच्छा आहे, माझीही. सुविधा वाढताहेत, खेळपट्टी बरी आहे, पुण्याहून रस्ता चांगला. उद्या परदेशी संघ सरावाला आला तर स्वागताला कमानी लागतील यात शंका नाही.

सायमंड्स २०११ मध्ये मुंबई इंडियन्सचा झाला. त्याच वानखेडेवर, हरभजनच्याच संघात, निळ्या जर्सीत. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि चार वर्षांपूर्वीचं कुणी काढलं नाही. १४ मे २०२२ ला टाउन्सव्हिलजवळ गाडीच्या अपघातात तो गेला, तेव्हा आपल्याकडच्या श्रद्धांजल्यांत "मंकीगेट" हा शब्द बहुतेक ठिकाणी होता, आणि त्याचा अर्थ सिडनी एवढाच होता. बडोदा आणि मुंबई त्यातून गळून गेले होते.

या वर्षीच्या एका चषकाचं पत्रक गावाकडच्या ग्रुपवर आलंय. नियम व अटी एकूण चौदा आहेत. पंचांचा निर्णय अंतिम राहील. बूट सक्तीचे. मद्यपान करून मैदानात आल्यास संघ बाद. मैदानातील साहित्याची मोडतोड केल्यास भरपाई संघाकडून वसूल केली जाईल. मी आयोजकांपैकी एकाला, जो माझ्या मामाचा पोरगा लागतो, फोन करून म्हटलं, "दादा, पंधरावा नियम घाला: माईकवरून किंवा प्रेक्षकांतून कुणाच्या रंगा-रूपावरून, गावा-प्रांतावरून काही आलं तर सामना थांबेल, दुसऱ्यांदा आलं तर माईक बंद." तो म्हणाला, "माईक बंद? मग लोक बघायला कशाला येतील?" मग जरा थांबून म्हणाला, "लिहून पाठव, कमिटीपुढं ठेवतो." पाठवलंय. शनिवारी बैठक आहे.